पाळीव प्राण्यांच्या खाद्याची तपासणी बेळगावातच व्हावी

महोदय,
टिळकवाडी-शहापूरपासून खानापूरपर्यंत कुत्र्या-मांजरांना तयार खाद्य घालणारी घरे वाढली असून ते काही दुकानांत गोणीतून सुटेही विकले जाते. २००७ साली उत्तर अमेरिकेत मेलामाइन या प्लास्टिक बनवण्याच्या रसायनाची भेसळ असलेल्या खाद्याने अनेक प्राण्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. प्रथिनांची नेहमीची चाचणी प्रत्यक्षात नायट्रोजन मोजते आणि मेलामाइनच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग नायट्रोजनच असल्यामुळे ही भेसळ कागदोपत्री उत्तम प्रथिने म्हणून खपून गेली होती. आपल्याकडे मला अधिक धास्ती वाटते ती खाद्यात वापरल्या जाणाऱ्या, दमट हवेत साठवलेल्या मक्यावर धरणाऱ्या बुरशीच्या अफ्लाटॉक्सिन या विषाची, कारण ते शिजवूनही पुरते नष्ट होत नाही. पट्टीवरील चाचणीने त्याचा अंदाज काही मिनिटांत येतो आणि संशयित नमुनाच तेवढा पक्क्या खात्रीसाठी मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. (हे विष गोणीत सर्वत्र सारखे पसरलेले नसते, म्हणून वरवरच्या एका मुठीने भागणार नाही.) पशुसंगोपन खात्याने अशी प्राथमिक तपासणी बेळगावातच सुरू करावी आणि तिचा अहवाल कन्नडबरोबर मराठीतही द्यावा.

आपला,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव