लघुग्रहाचा आकार कसा मोजला, तेही छापावे

मा. संपादक,

लघुग्रहाची बातमी आली की 'इतके किलोमीटर रुंद' असे बेधडक छापले जाते आणि शेजारी आगीच्या लोळाचे चित्र. प्रत्यक्षात मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातले बहुतेक लघुग्रह कार्बनयुक्त, काळेकुट्ट आहेत. अंगावर पडणाऱ्या उजेडातला जेमतेम चार-पाच टक्के ते परतवतात. नुसत्या तेजावरून आकार सांगायला गेले की नेमके इथेच चुकते. निरपेक्ष प्रत (म्हणजे ठरावीक अंतरावरून दिसेल ते तेज) १० असलेला पिंड ४ टक्के उजेड परतवत असेल तर त्याचा व्यास सुमारे ६६ किमी निघतो, २५ टक्के परतवत असेल तर २७ किमी. म्हणजे घनफळात पंधरापट फरक! म्हणून आकडा तेजावरून काढला, उष्णतेच्या अवरक्त मोजणीतून, की यानाने जवळून पाहून, हे बातमीत एका ओळीत यायलाच हवे.

मॅथिल्डे हा असाच कोळशासारखा लघुग्रह. २७ जून १९९७ रोजी 'निअर' यान त्याच्यापासून सुमारे १२०० किमीवरून गेले. सरासरी व्यास ५३ किमी भरला, घनता मात्र पाण्याच्या फक्त १.३ पट, आत जवळपास निम्मी पोकळी असावी. त्याच्या विवरांना जगभरातल्या कोळसाक्षेत्रांची नावे आहेत, त्यांत आपले 'दामोदर'ही आहे.

यान जात नाही तिथे पिधान कामी येते, आणि ते नाशिकमधूनही मोजता येते. लघुग्रह ताऱ्यासमोरून सरकतो, तारा काही सेकंद विझतो. सावलीचा पट्टा लघुग्रहाएवढाच रुंद असतो. तो पूर्व-पश्चिम जाणार असेल तर निरीक्षक सिन्नर, नाशिक शहर, दिंडोरी, वणी असे उत्तर-दक्षिण पसरावेत. तारा किती वेळ विझला यावरून प्रत्येकाला लघुग्रहाची एक जीवा, म्हणजे त्या ठिकाणची आडवी लांबी, मिळते. सावलीच्या एकाच रेषेत मागेपुढे बसलेल्या दोघांना एकच जीवा मिळते, नवे काही हाती लागत नाही.

साधने फार नाहीत: ६ ते ८ इंची दुर्बीण, सेकंदाला १०-२० चौकटी टिपणारा कॅमेरा आणि प्रत्येक चौकटीवर जीपीएसची वेळ. मोबाइलच्या घड्याळावर विसंबू नये. सावली सेकंदाला १२ किमी धावत असेल तर अर्ध्या सेकंदाची चूक म्हणजे कड ६ किमीने सरकली. चित्रण दोन मिनिटे आधी सुरू करावे आणि चौकटीत शेजारचा एक तारा ठेवावा. तोही मंदावला तर तो ढग समजावा. हिवाळ्यात पहाटे निफाडकडे काचेवर दव धरते आणि तारा हळूहळू फिकटतो. पिधानात तो एकदम जातो. दुर्बिणीच्या तोंडाला दवरोधक नळकांडे आणि गरम पट्टी लावलेली बरी. तारा विझलाच नाही तरी ती नोंद टाकून देऊ नये, सावलीची कड तिथूनच ठरते.

आपल्या दैनिकाने जिल्ह्यावरून जाणाऱ्या पिधानांची तारीख, वेळ आणि पट्ट्याचा नकाशा आठवडाभर आधी छापावा, ही विनंती. पावसाळा सोडून ऑक्टोबर ते मे एवढे केले तरी पुरे.

– आकाशनिरीक्षक वाचक, नाशिक