बायकोला कोणत्या दाराने नेऊ?

महोदय,

२१ सप्टेंबरला, जागतिक अल्झायमर दिनी, विसराळूपणावर बरंच छापून येतं. पण घरी अशा माणसाचं करणाऱ्याचा दिवस संडास-बाथरूमच्या फेऱ्यांतच जातो. त्याबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या पत्नीला चार वर्षांपासून डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे. लघवी लागल्याचं तिला सांगता येत नाही. पदराशी चाळा करते, उठबस करते, स्वतःच्याच घरात ‘अहो, घरी चला ना’ म्हणते. याचा अर्थ कळायला मला वर्ष लागलं; तोवर ओरडायचो. आता दर दोन तासांनी नेतो. साडी जाऊन इलॅस्टिकचे पायजमे आले. बाथरूमचं दार भिंतीसारखंच पांढरं होतं, ते गडद निळं केलं. रात्री डायपर.

मोठी चूक पाण्याची झाली. कपडे भिजू नयेत म्हणून दुपारनंतर पाणी तोडलं, तेही मे महिन्यात, पारा ४५ वर असताना. काही दिवसांत ती असंबद्ध बडबडू लागली, मला ओळखेना. आजार वाढला असं मी धरून चाललो होतो. डॉक्टरांनी लघवी तपासायला लावली, तर संसर्ग निघाला. औषधाने ती पूर्वीसारखी झाली. (‘पूर्वीसारखी’ म्हणजे कशी, ते आमचं आम्हाला ठाऊक.)

घरातलं जमतं, बाहेर अडतं. एका बागेत तिला बायकांच्या दाराशी नेलं, तर सफाईवाल्या बाई म्हणाल्या, ‘काका, हे लेडीजचं आहे नं.’ त्यांचं काय चुकलं? पुरुषांकडे नेलं, तर तिथले लोक ओशाळले. एकटीला आत सोडावं, तर तिला कडी उघडता येत नाही. शेवटी फाटकापर्यंत पोचेतो व्हायचं ते झालं. ऑटोत सीटवर टॉवेल अंथरून घरी आलो.

मेट्रो स्टेशनवर दिव्यांगांचं वेगळं शौचालय असतं, तिथे दोघांना एकत्र जाता येतं. त्यामुळे हल्ली आम्ही फिरायलाही स्टेशनच्या आसपासच जातो! बागांत आणि सीताबर्डी, इतवारीसारख्या बाजारांत अशी एकेक खोली हवी. दोघं मावतील एवढी जागा, धरायला दांडा, बाहेरूनही उघडेल अशी कडी, डायपर टाकायला झाकणाची बादली. मी पाहिलेल्या दोन ठिकाणी दिव्यांगांची खोली आहेही, पण कुलूपबंद. किल्ली कोणाकडे, एवढा कागद दारावर चिकटवला तरी तूर्त आमचं भागेल.

– एक ज्येष्ठ वाचक, नागपूर