बाळंतिणीजवळ कोण होतं?

प्रिय चिऊ,

काल संध्याकाळी शरणपूर रोडच्या चर्चच्या आवारात येशूजन्माचा देखावा बघायला गेलो होतो. बाबांच्या मित्राची लेक मरिया झाली होती, म्हणून आम्हाला घरचंच आमंत्रण. नाशिकची डिसेंबरची थंडी तुला माहीत आहे. आजींना दोन स्वेटर, कानटोपी आणि वर शाल घालून नेलं.

पोरांनी जीव ओतून केलं गं. मेंढपाळांच्या खांद्यावर खरी घोंगडी होती, गोठ्यात खरी गाय. पाळकसाहेब सांगत होते, इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसने १२२३ साली खरे बैल-गाढव आणून असाच देखावा केला, तेव्हापासून ही रीत पसरली. मरिया आणि योसेफ दारोदार फिरले, उतारशाळेत जागा मिळाली नाही, आणि मग गव्हाणीत बाळ. सगळ्यांनी हात जोडले. आजी मात्र माझ्या कानाशी लागल्या, "अगं, आत्ता बाळंत झालेली पोर गुडघ्यांवर कशी बसलीय? तिला टेकू द्या. आणि नाळ कोणी कापली?"

शेवटी त्यांनी हेच पाळकसाहेबांना विचारलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "लूकच्या शुभवर्तमानात सुईणीचं नाव नाही, आजी. मरियेनेच बाळाला बाळंत्याने गुंडाळलं आणि गव्हाणीत ठेवलं, एवढंच आहे. नंतरच्या एका जुन्या कथेत योसेफ सुईण शोधायला जातो."

"म्हणजे परमुलखात, आईवाचून," आजी म्हणाल्या आणि गप्प झाल्या. त्यांची तीनही बाळंतपणं निफाडला माहेरी झाली, दर वेळी आई उशाशी. थोड्या वेळाने उठल्या, त्या मुलीजवळ गेल्या आणि अंगावरची शाल तिच्या पाठीवर टाकून आल्या. मुलगी जेमतेम दहा वर्षांची. तिने ती शाल नीट लपेटून घेतली, जणू हेही नाटकातच होतं.

त्या वस्तीचं नावच शरणपूर. १८५४ साली मिशनऱ्यांनी वसवलेली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेची मुलं इथे वाढली, शिकली. तीस वर्षं मी या रस्त्याने भाजी आणतेय, पण नावातलं 'शरण' काल पहिल्यांदा ऐकू आलं. त्या लेकरांच्या आया कुठल्या किनाऱ्यावर राहिल्या असतील, हेच घरी येईपर्यंत डोक्यात होतं.

चिऊ, मी तुला म्हटलं होतं की बाळ झाल्यावर येईन, आधी येऊन काय करायचं, तिकडचे दवाखाने चांगले आहेत. दवाखाने चांगलेच असतील. पण मला तुझ्या उशाशी बसायचं आहे. मार्चची तारीख आहे ना, मी फेब्रुवारीतच येते. बाबांनी रात्रीच व्हिसाची कागदपत्रं काढून टेबलावर ठेवली, मी काही न बोलताच.

आजींनी आज सकाळीच अळीव निवडायला घेतले. डिंक, खारीक, खसखस मेनरोडवरून आणायची यादी झाली आहे. जुन्या सुती साड्यांची बाळंती त्यांनीच फाडून, धुऊन ठेवली आहेत, मऊ झालेली. विमानात किती किलो सामान चालतं, तेवढं जावईबापूंना विचारून कळव.

पाय वर घेऊन बसत जा. रात्री एकटी जिना उतरू नकोस.

तुझी,
आई