जुन्या जीपला चामडे लावताना

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुन्या जीप आणि विलायती मोटारी सांभाळणारे अनेकजण टाय रॉडच्या (स्टिअरिंगची हालचाल चाकांना पोचवणाऱ्या दांड्याच्या) सांध्यावरचा रबरी बूट, म्हणजे धूळ-चिखल अडवणारी टोपी, तडकला की चामड्याचा शिवून घेतात. युक्ती जुनी आणि चांगली. तरी हे बूट वर्षभरात कडक होऊन फाटतात, कारण बॅगा-जॅकेटांच्या चामड्यावर रंगाचा थर असतो. त्यातून तेल आत मुरतच नाही. चामडे बिनथराचे, दीड मिलिमीटर जाडीचे घ्यावे. कापलेली कड बघावी. आरपार तपकिरी असेल तर ते साल-हिरड्यात कमावलेले, म्हणजे कोल्हापुरी चपलेचे. आत निळसर राखाडी रेघ दिसली तर क्रोमचे, म्हणजे क्रोमच्या क्षारात कमावलेले. कडेला कापडाची वीण दिसली तर ते रेक्झिन, परत करा. सायलेन्सरजवळ क्रोमचेच लावावे. सालीचे ओले चामडे उष्णतेने आखडते.

माप घेताना स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवावे, नाहीतर पहिल्याच वळणावर शिवण उसवते. जोडाच्या कडा रापीने पातळ कराव्यात, दोरा मेणाचा वापरावा आणि शिवण मागच्या बाजूला ठेवावी, म्हणजे चिखलाचा मारा तिच्यावर होत नाही. बसवण्याआधी कोमट एरंडेल मुरवावे. ग्रीस ठासून भरू नये, टाके ताणतात.

सीलचे, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणाऱ्या कड्याचे, गणित वेगळे. हब (चाकाचा मधला भाग) आणि पिनियनचे (मागच्या अॅक्सलमधल्या लहान दातेरी चक्राचे) जुने सील बरेचदा चामड्याचे असत. शाफ्ट थोडा खरबरीत असला तरी ते निभावून नेतात; रबराला तो गुळगुळीतच लागतो. मात्र कोरडे बसवले तर ओठ, म्हणजे शाफ्टला टेकणारी कड, पहिल्या फेरीतच करपतो, चकाकतो आणि गळती कायमची मागे लागते. आदल्या रात्री गिअर ऑइलमध्ये भिजत घालावे. तेल बोट सहज बुडवता येईल इतपतच कोमट असावे. स्प्लाइनवरून (शाफ्टच्या टोकाच्या खाचांवरून) सरकवताना पातळ पत्र्याची सुरळी घालावी, म्हणजे ओठ दुमडत नाही. बरेच महिने उभ्या असलेल्या गाडीचे सील सुकून गळू लागले, तर तेलाची पातळी राखून थोडे चालवून पाहावे. कधी कधी ते पुन्हा फुगून बसते.

हायड्रॉलिक ब्रेकमध्ये मात्र चामडे नकोच. सुरुवातीच्या ब्रेकांत चामड्याचे कप (पिस्टनवर बसून ब्रेकचे तेल अडवणाऱ्या वाट्या) होते, ते गळत. क्रायस्लरने 1924 च्या गाडीत रबरी कप घातले ते त्यामुळेच.

सुटे भाग विकणाऱ्यांना एकच विनंती : सील चामड्याचे की नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे), एवढे तरी पुडक्यावर छापा. नायट्राइलच्याला बसवताना तेलाचे बोट पुरते, चामड्याच्याला रात्रभर भिजावे लागते.

– एक वाचक, कोल्हापूर