इदियाचा मुखवटा उसना नको, परत द्या! ब्रिटनच्या संस्कृतिमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय संस्कृतिमंत्री,
ब्रिटन सरकार, लंडन

स. न. वि. वि.

आमच्या घरी भाद्रपदात गौरी बसतात. सासूबाईंकडून आलेले पितळी मुखवटे एरवी जुन्या सुती साडीत गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात असतात. आवाहनाच्या दिवशी ते दारातून वाजतगाजत आत आणायचे, उंबऱ्यापासून पावलं काढायची, मुखवटे बसवून साड्या नेसवायच्या. त्यानंतर घरात कुणी ‘मुखवटे’ हा शब्द उच्चारत नाही. ‘गौरी जेवल्या का’, ‘गौरींना विडा ठेवला का’ असंच बोललं जातं. तिसऱ्या दिवशी निरोप दिला की पुन्हा साडीची घडी.

हे आपल्याला सांगते आहे, कारण ब्रिटिश म्युझियमच्या तळमजल्याखालच्या आफ्रिका दालनात काचेमागे असाच एक चेहरा आहे. हस्तिदंताचा, वीतभर उंचीचा. जड पापण्या, मिटलेले ओठ, कपाळावर दोन उभ्या लोखंडी पट्ट्या, डोक्यावरच्या मुकुटात दाढीवाल्या पोर्तुगीजांची इवलीशी डोकी. हा चेहरा राणी इदियाचा मानला जातो. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला आजच्या नायजेरियातल्या बेनिन राज्यावर एसिगी हा ओबा, म्हणजे राजा होता. इदिया त्याची आई. युद्धात ती मुलाच्या पाठीशी उभी राहिली आणि त्याने तिच्यासाठी ‘इयोबा’ म्हणजे राजमाता हे पद निर्माण केलं. हस्तिदंताचा पांढरा रंग समुद्रदेव ओलोकुनचा. पोर्तुगीज समुद्रातून आले, म्हणून तेही त्याच मुकुटात बसले.

हा मुखवटा तोंडावर बांधायचा नव्हता. ओबा तो समारंभात कमरेला लटकवत असे, असं अभ्यासक सांगतात. एमोबो नावाच्या विधीत ओबा नगरातून दुष्ट शक्तींना हाकलतो आणि त्या वेळी कमरेला हस्तिदंती मुखवटे घालतो, ही रीत बेनिनमध्ये विसाव्या शतकातही पाहिली गेली. आईचा चेहरा अंगावर घेऊन राजा राज्याची इडापीडा काढतो. माझ्यासारख्या मराठी बाईला हे कुणी समजावून द्यावं लागत नाही. काचेशेजारच्या पाटीवर मात्र साहित्य, काळ आणि ठिकाण वाचून माणसं पुढे सरकतात.

आफ्रिकेतल्या मुखवट्यांची आपण फार मोठी चूक करतो ती हीच. लाकडाचा किंवा हस्तिदंताचा तुकडा म्हणजेच मुखवटा, असं समजतो. पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांचा एगुनगुन मुखवटा म्हणजे नाचणारा, त्याच्या अंगावरचे कापडाचे थरावर थर, ढोल आणि परत भेटायला आलेला पूर्वज, सगळं मिळून एक. आत कोण आहे हे शेजाऱ्याला कळलं तरी तो नाव घेत नाही. त्यांच्याच गेलेडे परंपरेत पुरुष बायकांचं रूप घेऊन नाचतात आणि ‘आपल्या आयांना’ प्रसन्न करतात, कारण त्या रागावल्या तर पाऊस, पीक, लेकरं सगळंच धोक्यात. आदल्या रात्रीच्या ‘एफे’ सोहळ्यात मुखवटा घातलेला गायक येतो. तो गावाला आशीर्वाद देतो आणि गावात कुणी काय वंगाळ केलं तेही चारचौघांत गाऊन दाखवतो. मुखवट्याआडून बोलतो म्हणून त्याला कुणी अडवत नाही. गावपंचायत, देवपूजा आणि तमाशा एकाच चौकात! युनेस्कोने २००१ साली या परंपरेचा गौरव केला. सिएरा लिओनमधल्या मेंडे बायकांच्या सांडे मंडळात तर काळाकुळकुळीत, गळ्याला वळ्या असलेला मुखवटा बाईच घालते, आणि वयात आलेल्या मुलींना बायकांच्या जगात घेते.

आता इदियाकडे येते. फेब्रुवारी १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने बेनिन शहर लुटलं, जाळलं, आणि त्याच वर्षी पुढे ओबा ओवोनरामवेन यांना कलाबारला हद्दपार केलं. हा मुखवटा राजाच्या शयनगृहातल्या पेटीतून उचलला गेला. १९१० साली तो ब्रिटिश म्युझियमने विकत घेतला. त्याचा जोडीदार न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. १९७७ साली लागोसला साऱ्या जगातल्या कृष्णवर्णीयांचा फेस्टॅक महोत्सव भरला, त्याचं बोधचिन्ह हाच चेहरा होता. नायजेरियाने तो मागितला, आपण दिला नाही. शेवटी बेनिनच्या कारागिरांना नक्कल कोरावी लागली.

आपलं उत्तर ठरलेलं असतं : १९६३चा ब्रिटिश म्युझियम कायदा विश्वस्तांना वस्तू देऊ देत नाही. खरं आहे. २००५ साली न्यायालयानेही सांगितलं की नैतिक जबाबदारी वाटली तरी हा कायदा ओलांडता येत नाही. तो खटला नाझींनी लुटलेल्या चित्रांचा होता. त्यानंतर संसदेने काय केलं? २००९ साली खास कायदा करून नाझींची लूट परत द्यायची वाट मोकळी केली. ते फार चांगलं केलं. मग बेनिनची लूट परत करताना कायद्याचे हात का बांधलेले राहतात? लंडनच्याच हॉर्निमन म्युझियमने २०२२ मध्ये ७२ वस्तूंची मालकी नायजेरियाला दिली. नेदरलँड्सने २०२५ मध्ये ११९ ‘बेनिन ब्राँझ’, म्हणजे त्याच लुटीतल्या कलावस्तू, परत केल्या. ब्रिटिश म्युझियमकडे बेनिनच्या ९००हून अधिक वस्तू आहेत.

‘उसना देऊ’ हा तोडगाही पुढे येतो. २०२४ साली छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाशी जोडलेली वाघनखं लंडनहून साताऱ्याला आली, तीन वर्षांसाठी. ती पाहायला माणसं लोटली आणि मला आनंदही झाला. पण परतीची तारीख टाकून आलेली वस्तू पाहताना पोटात जो गोळा येतो, तो बेनिनच्या लोकांच्या वाट्याला येऊ नये.

सुरक्षिततेचं कारण तर कृपया देऊ नका. २०२३ साली आपल्याच म्युझियममधून सुमारे २,००० वस्तू गहाळ झाल्याचं, चोरीला गेल्याचं किंवा खराब झाल्याचं उघड झालं. परत गेलेली वस्तू राजवाड्यात ठेवायची की संग्रहालयात, यावर नायजेरियात मतभेद आहेत, हे मला माहीत आहे. तो त्यांच्या घरातला प्रश्न आहे, ते सोडवतील.

माझी मागणी एकच आहे. १९६३च्या कायद्यात दुरुस्ती करा, वसाहतकाळात लढाईत लुटलेल्या वस्तू परत करण्याचा अधिकार विश्वस्तांना द्या, आणि सुरुवात इदियापासून करा. बेनिनमध्ये डिसेंबरात इगुएचा उत्सव होतो. ओबा एवुआरे दुसरे तिथे आजही गादीवर आहेत. त्यांच्या खापरपणजोबांच्या पेटीतला मुखवटा काचेमागून काढून त्यांच्या हाती द्यायचा आहे. त्यासाठीचं विधेयक याच अधिवेशनात मांडा.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाला आणि माझ्या खासदारांना टपालाने पाठवली आहे.

आपली,
लंडनमध्ये राहणारी एक मराठी नागरिक