जेट काढले, एटीआर लावले, वेळापत्रक मात्र जुनेच: एका प्रादेशिक विमान कंपनीला तक्रार पत्र

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख व नोडल अधिकारी,
(प्रादेशिक विमान कंपनी)

विषय: विमानाचा प्रकार बदलल्यानंतर न बदललेले वेळापत्रक, जास्त विकलेली आसने, नवी मुंबईला हलवलेली फेरी आणि भागीदार कंपनीची तिकिटे.

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

आमच्या जिल्ह्याच्या विमानतळावरून मुंबई, गोवा आणि हैदराबादला नेहमी ये-जा करणाऱ्या प्रवाशांच्या वतीने हे पत्र लिहीत आहोत. या मार्गांवरचे एम्ब्रेअर १७५ जेट काढून आपण एटीआर ७२-६०० लावले. त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. तीनशे-सव्वातीनशे किलोमीटरच्या पल्ल्याला एटीआरच योग्य. इंधन बरेच कमी लागते, आखूड धावपट्टीवर भागते, आणि भाडे आवाक्यात ठेवायचे तर दुसरा मार्ग नाही. पंख्याचे विमान म्हणून नाक मुरडणारे मुरडोत, आम्ही त्यांतले नाही. मात्र विमानाबरोबर जे जे बदलायला हवे होते ते आपण जसेच्या तसे ठेवले, आणि त्याची किंमत रोज प्रवासी मोजत आहेत.

आधी वेळापत्रक. जेट ताशी आठशेच्या घरात उडते, एटीआर पाचशेच्या. जागेवरून चाक हलल्यापासून पुन्हा चाक थांबेपर्यंतची वेळ, म्हणजे ब्लॉक टाइम, जेटला या पल्ल्यावर एक तास पुरत होता. मुंबईच्या बाजूला टॅक्सीवेवरची रांग धरली तर एटीआरला १५ ते २० मिनिटे जास्त लागतात. आपल्या छापील वेळापत्रकात मात्र आजही ६० मिनिटेच आहेत, आणि दोन फेऱ्यांमध्ये विमान उभे राहण्याची वेळही जेटच्या काळातलीच, २५ मिनिटे.

आता एकच विमान दिवसभर काय करते ते पाहा: हैदराबाद ते आमचे गाव, तिथून मुंबई, परत गाव, मग गोवा, परत गाव, आणि शेवटी हैदराबाद. सहा टप्पे. पहिला टप्पा वेळेवर सुटला, कोणाची बॅग अडली नाही, इंधनाची गाडी वेळेवर आली, म्हणजे सगळे सुरळीत झाले, तरी पाचव्या टप्प्यापर्यंत ७५ ते १०० मिनिटांचा उशीर नुसत्या बेरजेने जमतो. आमच्या धावपट्टीवर रात्री उतरण्याची सोय नाही आणि विमानतळाचे वॉच अवर्स, म्हणजे तो चालू असण्याचे तास, सूर्यास्ताबरोबर संपतात. त्यामुळे गोव्याहून येणारी संध्याकाळची फेरी हिवाळ्यात, दिवस लहान असताना, सारखी रद्द होते किंवा सरळ हैदराबादला नेली जाते. मग मोबाइलवर संदेश येतो: ‘अपरिहार्य परिचालन कारणांमुळे आपले विमान रद्द झाले आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ यात अपरिहार्य काय आहे? सकाळी सहा वाजता कागद-पेन घेऊन बसलेल्या कोणालाही संध्याकाळचे हे रद्द होणे दिसू शकते.

छापलेल्या ६० मिनिटांचा आणखी एक परिणाम आहे. तो मुद्दाम केलेला आहे असे आम्ही म्हणत नाही, पण नजरेआड करण्यासारखाही नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार (विभाग ३, मालिका एम, भाग ४) वेळेत न कळवता रद्द झालेल्या विमानासाठी परताव्याखेरीज भरपाई द्यावी लागते. ब्लॉक टाइम एक तासापर्यंत असेल तर ५,००० रुपये, एक ते दोन तास असेल तर ७,५०० रुपये, त्याहून जास्त असेल तर १०,००० रुपये, किंवा एकेरी मूळ भाडे अधिक इंधन अधिभार, यांपैकी जे कमी असेल ते. एटीआरची खरी वेळ, समजा ७८ मिनिटे, छापली तर हाच मार्ग पाच हजारांच्या टप्प्यातून साडेसात हजारांच्या टप्प्यात जातो. भाडे त्याहून कमी असेल तिथे फरक पडणार नाही. सणासुदीला, लग्नसराईत भाडी चढतात तेव्हा तो नक्की पडतो.

भरपाईतून सुटका मिळते ती कंपनीच्या ताब्याबाहेरच्या कारणांना: हवामान, पूर, संप, हवाई वाहतूक नियंत्रण, सुरक्षेचा धोका वगैरे. कंपनीने स्वतः ठरवून बदललेले विमान आणि स्वतः छापलेले वेळापत्रक त्यात बसत नाही. तरीही गेल्या हिवाळ्यातल्या बऱ्याच रद्द फेऱ्यांच्या दाव्यांना आपल्याकडून ‘हवामान’ असे एका शब्दाचे उत्तर आले आहे. त्या त्या दिवसांचे आमच्या विमानतळाचे मेटार अहवाल, म्हणजे दृश्यमानता, वारा आणि ढगांची अधिकृत नोंद, आम्ही काढून ठेवले आहेत. ते पत्रासोबत आहेत. दृश्यमानता सहा हजार मीटर आणि वारा सहा नॉट असताना कोणते हवामान आड आले, तेवढे लेखी कळवावे.

दुसरा मुद्दा आसनांचा. आपल्या जेटमध्ये ८० आसने होती, त्यांतली पुढच्या वर्गाची ८. एटीआरमध्ये ७०, सगळी एकाच वर्गाची. बदल जाहीर होण्यापूर्वी विकलेली तिकिटे ८०च्या हिशेबाने गेली होती. भरलेल्या फेरीला दहा माणसे उरणारच होती, ती उरली. काउंटरवर त्यांना सांगण्यात आले की ‘विमान लहान आले’, म्हणून हे नियमातले ‘प्रवेश नाकारणे’ (डिनाइड बोर्डिंग) नव्हे. आमच्या मते हेच प्रवेश नाकारणे आहे. खात्रीचे तिकीट, वेळेत हजेरी, आणि तरी जागा नाही; कारण कंपनीकडे आसनांपेक्षा तिकिटे जास्त. पर्यायी विमान एका तासाच्या आत सुटणारे नसेल, पण २४ तासांत असेल, तर मूळ भाडे व इंधन अधिभाराच्या दुप्पट भरपाई, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशिराचे असेल तर चौपट, कमाल २०,००० रुपये, असा नियम आहे. आपण दिले ते सहा महिने मुदतीचे व्हाउचर, तेही याच मार्गावर वापरण्याचे! पुढच्या वर्गाचे पैसे भरून एटीआरच्या साध्या आसनावर बसवलेल्यांचा हिशेब तर आणखी सरळ आहे. २०२३च्या फेब्रुवारीपासून, खालच्या वर्गात बसवलेल्या देशांतर्गत प्रवाशाला करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत करायची आहे. आपण भाड्यातला फरक परत केला. फरक आणि ७५ टक्के या दोन वेगळ्या रकमा आहेत.

या मार्गाला उडान या सरकारच्या स्वस्त प्रादेशिक विमानसेवेच्या योजनेचे अर्थसाहाय्य असल्याने एक हिशेब राज्याशीही निगडित आहे. उडानमध्ये साधारण निम्मी आसने, कमाल ४०, मर्यादित भाड्यात द्यावी लागतात. ८० आसनांच्या जेटमध्ये ती ४० होती, एटीआरमध्ये ३५ होतात. म्हणजे रोज प्रत्येक फेरीत स्वस्तातली पाच आसने कमी झाली. नियमाने ते चालत असेलही, पण मग संकेतस्थळावर जुनाच आकडा का?

बॅगांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण काउंटरवरचा सर्वात जास्त वाद इथे होतो आणि त्यात बिचाऱ्या ग्राउंड स्टाफला शिव्या खाव्या लागतात. ७० प्रवासी, प्रत्येकी १५ किलो, म्हणजे १,०५० किलो सामान. पहाटे गार हवेत ते सगळे जाते. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा ४२-४३ वर असला की हवा विरळ होते, इंजिनाची ताकद आणि पंखांची उचल दोन्ही घटतात, आणि आमच्या धावपट्टीच्या लांबीत तेवढे वजन सुरक्षितपणे उचलता येत नाही. वजन कमी करणे हाच योग्य निर्णय आहे आणि वैमानिकाने तो घ्यावाच. पण हे दर उन्हाळ्यात, दर दुपारी होणार हे माहीत असताना दुपारच्या फेरीची सगळी ७० तिकिटे विकायची आणि मग शिडीपाशी आलेल्या विमानातून बॅगा उतरवायच्या, हे कोणत्या हिशेबात बसते? एक तर त्या फेरीची काही आसने विकू नयेत, नाहीतर कोणती बॅग मागे राहणार ते चेक-इनलाच सांगावे, म्हणजे माणूस औषधे, चार्जर, कागदपत्रे हातात काढून घेईल. आज ते कळते गोव्याच्या पट्ट्यासमोर, पट्टा फिरून फिरून थांबल्यावर. एटीआरच्या वरच्या खणात चाकांची मोठी बॅग बसत नाही, ती शिडीपाशीच काढून घेतली जाते. तेही तिकिटावर छापा.

व्हीलचेअरचे एका वाक्यात: एटीआरला चढायचे दार मागे आणि शिडी अरुंद, तेव्हा रॅम्प आणि विमानातली अरुंद खुर्ची दोन्ही हवीत; सध्या माणसाला दोघे जण उचलून नेतात.

आता सर्वात महागात पडणारा प्रकार. आपण मुंबईची दुपारची फेरी सहारच्या जुन्या विमानतळावरून नवी मुंबईला हलवली. सहारला जागा मिळणे किती अवघड आहे ते आम्ही जाणतो. नवी मुंबई विमानतळ २५ डिसेंबर २०२५ला प्रवाशांसाठी सुरू झाला आणि छोट्या कंपन्यांनी तिकडे जाणे स्वाभाविक आहे. पण आपल्या भागीदार कंपनीची पुढची विमाने अजून सहारच्या टर्मिनल २ वरून सुटतात. दोन विमानतळांत रस्त्याने ३५-४० किलोमीटर. अटल सेतूवरून गेले तरी संध्याकाळी दीड-दोन तास धरावेत. तरी आपल्या व भागीदाराच्या संयुक्त तिकिटावर आजही एकच पीएनआर, ‘मुंबई’ असे एकच नाव, आणि मध्ये १ तास ५० मिनिटे. तीन अक्षरी संकेत मात्र वेगवेगळे: येताना एनएमआय, जाताना बीओएम. बारीक अक्षरांतला तो फरक किती जण वाचणार? बुकिंगच्या प्रणालीत दोन टर्मिनलमधली किमान जोडवेळ, म्हणजे एका विमानातून उतरून दुसरे पकडायला लागणारी कमीत कमी वेळ, भरलेली असते. दोन विमानतळांमधली भरलेली नाही किंवा जुनीच राहिली आहे, असाच याचा अर्थ.

बॅगेचा टॅग पाहा म्हणजे सगळे लक्षात येते. आमच्या काउंटरवर दुबईच्या प्रवाशाच्या बॅगेला लागतो तो टॅग एनएमआयपर्यंतचा. म्हणजे नवी मुंबईला बॅग सोडवून घ्यायची, टॅक्सी करायची, सहारला पुन्हा चेक-इन, पुन्हा सुरक्षा तपासणी. तिकिटावर छापले आहे ३० किलो. आमच्या काउंटरवर १५ किलोच्या वर दर किलोला पैसे. एका तिकिटावरच्या प्रवासाला तिकिटावर छापलेली मर्यादा पहिल्या टप्प्यापासून लागू असते. आखातात नोकरीला असलेल्यांच्या जास्तीच्या सामानाच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत, त्या रकमा परत कराव्यात.

आणि पुढचे विमान चुकले की जबाबदारी कोणाची, याला आज दोन उत्तरे मिळतात. आपण म्हणता, तिकीट भागीदाराने विकले. भागीदार म्हणतो, उशीर विमान चालवणाऱ्याचा. वर सांगितलेल्या नियमात त्याच तिकीट क्रमांकावरचे जोडविमान चुकलेल्या प्रवाशाचाही उल्लेख आहे, तेव्हा ही टोलवाटोलवी चालणार नाही. करार संपवायचा असेल तर तोही स्वच्छपणे संपवता येतो. एअर इंडिया टाटा समूहाकडे गेल्यावर १५ एप्रिल २०२२ पासून अलायन्स एअर या तिच्या जुन्या प्रादेशिक उपकंपनीची उड्डाणे एआय क्रमांकावरून काढून ९आय या स्वतःच्या क्रमांकाने विकली जाऊ लागली. तारीख जाहीर, कोणता क्रमांक कोणाचा ते जाहीर. आपल्याकडे करार चालू आहे की नाही हेच कॉल सेंटरला सांगता येत नाही.

आमची मागणी अशी. एटीआरच्या सर्व टप्प्यांचा ब्लॉक टाइम खऱ्या वेळेनुसार छापावा आणि उभे राहण्याची वेळ किमान ३५ मिनिटे करावी. त्यासाठी दिवसाचा एक टप्पा कमी करावा लागला तर गोव्याची फेरी एक दिवसाआड करा, पण जी ठेवाल ती सूर्यास्ताच्या तासभर आधी गावात उतरेल अशी ठेवा. जेटचा वैमानिक एटीआर चालवू शकत नाही, तेव्हा राखीव जेट दाखवून ‘पर्यायी विमान उपलब्ध’ म्हणू नये. राखीव विमान आणि राखीव कर्मचारी एटीआरचेच हवेत. नवी मुंबईहून सहारला जोडलेली सर्व विकलेली तिकिटे भागीदाराकडून बदलून घ्यावीत: सकाळच्या सहारच्या फेरीवर हलवावीत, किंवा मध्ये किमान पाच तास ठेवावेत आणि टॅक्सीचा खर्च द्यावा, किंवा पूर्ण परतावा द्यावा. निवड प्रवाशाची. क्रेडिट कार्डाने काढलेल्या तिकिटांचा परतावा सात दिवसांत यायला हवा होता. सोबतच्या यादीतले बरेच दावे दोन महिन्यांहून जुने आहेत. एजंटाकडून तिकीट काढले म्हणून प्रवाशाला एजंटाकडे पिटाळू नये, परताव्याची जबाबदारी कंपनीचीच आहे.

हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रत्येक पीएनआरनिहाय लेखी उत्तर द्यावे. न आल्यास आपल्या अपील प्राधिकाऱ्याकडे आणि एअरसेवा या सरकारी तक्रार संकेतस्थळावर तक्रार नोंदवली जाईल, आणि त्यानंतर प्रत्येक प्रवासी स्वतंत्रपणे आपल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाईल. २०१९च्या कायद्याने राहत्या जिल्ह्यात दावा करता येतो आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, म्हणजे आपल्या वकिलांना तारखेला इकडे यावे लागेल. येताना संध्याकाळची फेरी धरू नका, असे त्यांना कृपया कळवावे.

आपले,
नियमित प्रवासी
(सह्या व संपर्क क्रमांक स्वतंत्र कागदावर)

सोबत: पीएनआरनिहाय दाव्यांची यादी, बोर्डिंग पास व बॅगेच्या टॅगच्या छायाप्रती, जास्तीच्या सामानाच्या पावत्या, रद्द फेऱ्यांच्या दिवसांचे मेटार अहवाल, आलेल्या संदेशांचे स्क्रीनशॉट.