धर्मादाय रुग्णालयाचा फरक बिलावर दिसायला हवा

संपादक महोदय,

खासगी आरोग्यसेवेच्या वाढत्या खर्चावर वृत्तपत्रांतून सतत चर्चा होते. मात्र खासगी रुग्णालयांतही मुळात भिन्न असे दोन प्रकार आहेत, याकडे त्या चर्चेत बहुधा दुर्लक्ष होते. पहिला प्रकार कंपनीच्या रुग्णालयांचा, ज्यांचा नफा भागधारकांना वाटता येतो. दुसरा सार्वजनिक न्यासांच्या, म्हणजेच धर्मादाय रुग्णालयांचा. त्यांची शिल्लक कोणाच्या खिशात जाऊ शकत नाही आणि म्हणूनच समाज त्यांना प्राप्तिकरात सूट व अनेक ठिकाणी नाममात्र भाड्याने जमीन देतो.

रुग्णाच्या नातेवाइकाला हा फरक जाणवतो का? मोठ्या शहरांत तरी सहसा नाही. दोन्हीकडे तीच अनामत रक्कम आणि तीच पॅकेजे असतात. पुष्कळदा डॉक्टरही तेच, सकाळी न्यासाच्या रुग्णालयात आणि संध्याकाळी कंपनीच्या. कंपनीच्या रुग्णालयाकडून मी मोफत उपचारांची अपेक्षा करत नाही. ते नफ्यासाठी चालते हे उघड आहे आणि त्या नफ्यावर ते कर भरते. त्याने दरपत्रक दर्शनी भागात लावावे आणि रुग्णहक्कांची सनद पाळावी, एवढी मागणी पुरे. धर्मादाय रुग्णालयाचा हिशेब वेगळा आहे, कारण त्याच्या सवलतींचा भार करदात्यांनी आधीच उचललेला असतो.

या सवलतींची परतफेड कशी व्हावी हेही ठरलेले आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये योजना घालून दिली. तीनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या, तसेच एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची. म्हणजे ३०० खाटांच्या रुग्णालयात साठ खाटा. तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून घेणेही या रुग्णालयांवर बंधनकारक आहे.

प्रत्यक्षात काय घडते, हे माझ्या एका नातेवाइकाच्या आजारपणात जवळून पाहिले. दाखल करताना अनामत मागितली गेली, योजनेचा उल्लेखही झाला नाही. समाजसेवा विभाग संध्याकाळी बंद झालेला होता. दुसऱ्या दिवशी केशरी शिधापत्रिका दाखवली, तेव्हा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणा असे सांगण्यात आले. तो मिळेपर्यंत निधी संपल्याचे उत्तर आले. निधीत किती जमा झाले, किती खर्च झाले, हे विचारायची सोय नव्हती. ज्या घरात रुग्ण अत्यवस्थ आहे, त्या घरातल्या माणसाने कचेऱ्यांचे उंबरे झिजवावेत, असे न्यायालयाला खचितच अभिप्रेत नव्हते.

न्यासांची अडचणही खरी आहे. लहान गावातल्या ज्या रुग्णालयात बहुतेक रुग्ण गरीबच येतात, तिथे एकूण बिलेच बेताची असल्याने २ टक्क्यांचा निधी लवकर आटतो. तिथे शासनाने भर घातली पाहिजे. शिवाय सेवाभाव टिकवलेल्या संस्थाही आहेत. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने गावकऱ्यांकडून ज्वारीच्या रूपात वर्गणी घेऊन आरोग्यविमा चालवला. अशा संस्थांना आणि केवळ नावापुरत्या धर्मादाय राहिलेल्या रुग्णालयांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल, आणि नेमके तेच आज होत आहे.

म्हणून धर्मादाय आयुक्तांना माझी विनंती आहे की, प्रत्येक धर्मादाय रुग्णालयाच्या दाखलपत्रावरच या योजनेची माहिती आणि अर्ज छापलेला असावा. राखीव खाटांपैकी रिकाम्या किती आणि निधीत शिल्लक किती, हे भरती खिडकीजवळच्या फलकावर रोज लिहिले जावे. आणि प्रत्येक अंतिम बिलावर 'योजनेखाली दिलेली सवलत' असा स्वतंत्र रकाना असावा, सवलत शून्य असली तरी. वर्षअखेरीस त्या रकान्याची बेरीज रुग्णालयाला मिळालेल्या करसवलतीशेजारी प्रसिद्ध करावी आणि जिथे तफावत मोठी असेल, तिथे सवलतींचा फेरविचार करावा.

आपला नम्र,
एक वाचक, सांगली